‘ॲट्रॉसिटी’ कोणी केली? मराठी संपादकांना खुलं पत्र

प्रति,
मराठी दैनिकांचे आणि वृत्तवाहिन्यांचे संपादक,
आणि त्यांच्याही आधी, जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर रात्री शीर्षकं लावत बसणारे उपसंपादक

स. न. वि. वि.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी वकिली करते. कामं बहुतेक फौजदारी. अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायद्याखालच्या खटल्यांत मी फिर्यादीच्या बाजूनं उभी राहिले आहे आणि आरोपीचं वकीलपत्रही घेतलं आहे. हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर आपल्याकडे असलं पत्र उघडल्या उघडल्या ‘ही बाई कुणाच्या बाजूची’ याचा हिशेब सुरू होतो.

कायदा चांगला की वाईट, यावर मला इथं वाद घालायचा नाही. तक्रार एका शब्दाची आहे आणि तो शब्द तुम्ही रोज छापता, म्हणून ती तुमच्याकडे.

आमच्याकडे एकाच गावात ‘ॲट्रॉसिटी’ दोन अर्थांनी चालते. दलित वस्तीतला कार्यकर्ता फोन करतो, ‘‘मॅडम, आमच्या इथं ॲट्रॉसिटी झाली.’’ म्हणजे कुणाला तरी मारलंय, कुणाचं खोपट पाडलंय, कुणाची वरात अडवलीय. त्याच दिवशी त्याच गावच्या पारावर कुणीतरी म्हणतं, ‘‘अण्णांवर ॲट्रॉसिटी झाली.’’ म्हणजे अण्णांनी ज्याला मारलं तो पोलीस ठाण्यात जाऊन आला. एकीकडे गुन्ह्याला ॲट्रॉसिटी म्हणतात, दुसरीकडे त्या गुन्ह्याच्या फिर्यादीला. वस्तीतल्या वाक्यात मार खाणारा सोसणारा आहे, पारावरच्या वाक्यात अण्णा.

तुमच्या पानावर कुठला अर्थ येतो? माझ्या वाचनात जवळजवळ नेहमी पारावरचाच. ‘माजी सरपंचावर ॲट्रॉसिटी’, ‘मुख्याध्यापकासह तिघांवर ॲट्रॉसिटी’, ‘ॲट्रॉसिटीच्या धाकानं व्यापारी त्रस्त’. वस्तीतला अर्थ आलाच तर तो मोर्च्याच्या बातमीत, वक्त्याच्या तोंडी, अवतरणचिन्हांत.

जरा व्याकरणाकडे बघा. ‘त्यानं सावकारावर ॲट्रॉसिटी केली’ हे वाक्य आज कुठल्याही मराठी माणसाला खटकत नाही. आता तिथं दुसरा गुन्हा घालून बघा. ज्याच्या घरी चोरी झाली त्यानं ठाण्यात जाऊन चोरट्याविरुद्ध फिर्याद दिली, तर ‘त्यानं चोरट्यावर चोरी केली’ असं आपण म्हणतो का? ज्याचा भाऊ मारला गेला त्यानं आरोपींवर खून ‘टाकला’, असं तरी? एवढ्या एका कायद्यात कर्ता आणि कर्म यांनी जागा बदलल्या, आणि आपल्या भाषेनं चकार शब्द काढला नाही.

कुणी म्हणेल, सासरच्यांवर ‘चारशे अठ्ठ्याण्णव लावली’ असंही म्हणतातच की. म्हणतात. ‘तीनशे दोन लागला’, ‘तीनशे सात बसला’ हेही म्हणतात. पण ते नुसते आकडे आहेत, आकड्याला स्वतःचा अर्थ नसतो. (१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि हे सगळे आकडे बदलले, तरी बार रूममध्ये अजून कुणी खुनाला ‘एकशे तीन लागला’ म्हणत नाही. चारसो बीस तर चारसो बीसच राहणार.) ‘ॲट्रॉसिटी’ला मात्र अर्थ आहे. त्याचा मराठी प्रतिशब्द कायद्याच्या मराठी नावातच छापलेला आहे, अत्याचार. तो शब्द बातमीत ठेवला असता तर ‘मजुराने शेतमालकावर अत्याचार केला’ असं लिहावं लागलं असतं आणि हात आपोआप थांबला असता. इंग्रजी शब्दाआड तो थांबत नाही. शिवाय ‘अत्याचार’ हा शब्द तुम्ही अलीकडे जवळजवळ पूर्णपणे बलात्काराच्या बातमीसाठी राखून ठेवला आहे. तो एक वेगळाच विषय, त्यावर पुन्हा कधीतरी.

हा कायदा १९८९ चा, अंमल ३० जानेवारी १९९० पासून. त्याच्या आधी १९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा होता, १९७६ मध्ये त्याचं नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झालं. जुनी माणसं अजून ‘पीसीआर’ म्हणतात ती या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांमुळे. १९८९ च्या कायद्यात अत्याचाराची व्याख्या एका ओळीत उरकली आहे. कलम ३ खाली ज्याला शिक्षा आहे तो गुन्हा म्हणजे अत्याचार. म्हणजे शब्दाचा अर्थ हवा असेल तर कलम ३ वाचल्यावाचून गत्यंतर नाही. माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे की ते एकदा वाचा. कायद्याची भाषा रुक्ष असते म्हणतात, पण या कलमातून अख्खं गाव उभं राहतं.

खाण्याच्या लायकीची नसलेली घाण तोंडात कोंबणं. दारात विष्ठा किंवा मेलेलं जनावर टाकणं. चपलांचा हार घालणं, नागवं करून धिंड काढणं. डोकं भादरणं, मिशी उतरवणं, तोंड रंगवणं. जमीन बळकावणं, उभं पीक नासवणं, तयार माल उचलून नेणं. वेठीला धरणं. मेलेली जनावरं ओढायला लावणं. मत देऊ न देणं, किंवा अमक्यालाच दे म्हणून जबरदस्ती करणं. निवडून आलेल्या सदस्याला, सरपंचाला काम करू न देणं. पाणी नासवणं. वहिवाटीची वाट बंद करणं. घर, गाव सोडायला लावणं. स्मशानात, घाटावर, देवळात मज्जाव करणं. रस्त्यानं सायकल-मोटारसायकलवरून जाऊ न देणं, पायात चपला किंवा अंगावर नवे कपडे घालू न देणं, नवरदेवाला घोड्यावर बसू न देणं. चेटूक केल्याचा आळ घेऊन छळणं. सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार टाकणं. यातलं काही मूळचं आहे, बरंचसं २०१५ च्या दुरुस्तीनं आलं आणि २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालं. मिशीचं कलम आहे एवढ्यावरच विचार करा. कुठल्या तरी गावात कुणाची तरी मिशी उतरवल्यावाचून संसदेला ते सुचलं नसणार.

या लांबलचक यादीतून तुमच्या बातमीत काय येतं? दोनच शब्द. ‘जातिवाचक शिवीगाळ’.

यात दोष तुमचा एकट्याचा नाही. ठाणे अंमलदार फिर्याद लिहून घेतो तेव्हा त्याच्या डोक्यात एक साचा तयार असतो. मारहाण, धमकी यांना न्याय संहितेची कलमं लागतात, आणि जातीचा धागा जोडण्यासाठी ‘जातिवाचक शिवीगाळ करून’ हे तीन शब्द घातले की ३(१)(आर) आणि (एस) बसतं. (आर) म्हणजे लोकांच्या नजरेत येईल अशा ठिकाणी जाणूनबुजून अपमान किंवा दमदाटी करणं, (एस) म्हणजे अशाच ठिकाणी जातीवरून शिव्या देणं. हे सोपं पडतं. तुमचा तालुका वार्ताहर ती प्रेस नोट तशीच पाठवतो, डेस्कवर ती तशीच लागते. वाचकाला वाटतं, रागाच्या भरात तोंडातून एक शब्द गेला आणि बिचारा आत गेला.

मागे माझ्याकडे एक म्हातारी आली होती. प्लास्टिकच्या पिशवीत सातबाऱ्याचे जुने उतारे, दंडाच्या पावत्या, एफआयआरची प्रत. गायरानातली दोन एकर ती आणि तिचा नवरा पंचवीस-तीस वर्षं कसत होते. तुरीला शेंगा धरल्या होत्या. रात्री त्यात जनावरं सोडली आणि उरलंसुरलं राहू नये म्हणून पहाटे ट्रॅक्टर फिरवला. ती आडवी गेली तेव्हा तिला ढकललं, शिव्या दिल्या, जातीचं नाव घेतलं. तलाठ्यानं पंचनामा केला होता, मोबाइलवर फोटो होते, ट्रॅक्टरच्या चाकांच्या खुणा त्यात स्पष्ट दिसत होत्या. एफआयआरमध्ये तुरीला अर्धी ओळ, बाकी मजकूर शिवीगाळ आणि धमकीचा. कलमं (आर), (एस). पिकाचं कलम, ३(१)(जी), लावलेलंच नाही. दुसऱ्या दिवशी जिल्हा पानावर एका कॉलमात बातमी, ‘शेतीच्या वादातून ॲट्रॉसिटी’. नातवानं तिला ती वाचून दाखवली होती. तिनं मला एकच विचारलं, ‘‘यात तुरीचं कुठंय?’’

तिला कायदा ठाऊक नव्हता, पण खटल्यातली सगळ्यात पक्की गोष्ट कोणती हे तिला बरोबर कळलं होतं. शिवीगाळ सिद्ध करायला ऐकणारा लागतो, तोही शक्यतो परका. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी हजर नसताना झालेला अपमान या कलमात बसत नाही. मग उलटतपासात पहिला प्रश्न ठरलेला. त्या वेळी तिथं कोण होतं? पहाटे शिवारात कोण असणार? आणि जो असेल तो आरोपीच्याच मळ्यात मजुरीला जाणारा. चाकांच्या खुणांना मात्र मजुरीची भीती नसते. फिर्यादीतून तूर गेली की खटल्याचा कणाच जातो, आणि बातमीतून तूर गेली की वाचकाच्या लेखी काही घडलेलंच नसतं.

(जाता जाता, याच कायद्याचं कलम ४ सांगतं की तोंडी दिलेली फिर्याद लिहून घेतल्यावर सही घेण्याआधी ती फिर्यादीला वाचून दाखवायची. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे. या कलमाखाली गुन्हा दाखल झाल्याची बातमी मी मोठ्या आनंदानं वाचेन.)

‘शेतीच्या वादातून’, ‘किरकोळ कारणावरून’, ‘जुन्या भांडणातून’. ही तुमची तयार विशेषणं. शेतीचा वाद कुठल्या गावात नाही? भावाभावांत आहे. पण भावानं भावाच्या बांधावर नांगर घातला तर कुणी त्याची मिशी उतरवत नाही. वाद शेतीचा असेलही, त्यात वापरलेला जोर कुठून आला, हे सांगणं बातमीचं काम आहे.

हा शब्द मराठीत येण्याआधी काय होतं ते आठवून बघा. १९७४ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या धाकली गावी दोन दलित भावांचे डोळे काढले. तेव्हा ‘ॲट्रॉसिटी’ नावाची सोय नव्हती, त्यामुळे लिहिणाऱ्याला ‘डोळे काढले’ असंच लिहावं लागलं. पन्नास वर्षं झाली तरी लोकांच्या लक्षात डोळेच आहेत. कायदा त्यानंतर पंधरा वर्षांनी आला, आणि कृत्याचं वर्णन करण्याची सक्ती संपली.

सोयीचे शब्द आधीही होते, हे मान्य. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि पुढचे दिवस गावोगावच्या दलित वस्त्या जळाल्या. आपण त्याला ‘दंगल’ म्हणतो. दंगल म्हटलं की दोन बाजू आल्या, दोन्हींच्या हातात काठ्या आल्या. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे मारले गेले, तेव्हा सुरुवातीच्या बातम्यांत ‘अनैतिक संबंध’ हे शब्द होते. महिनाभरानं लोक रस्त्यावर आले तेव्हा कुठे भाषा बदलली. आणि शेवटी काय झालं? सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयानं आठ जणांना दोषी धरलं, त्यातल्या सहा जणांना फाशी सुनावली, पण अत्याचार प्रतिबंध कायदा लागू होत नाही असं म्हटलं. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं फाशीची शिक्षा कमी केली आणि जातीचा हेतू त्यांनीही मानला नाही. म्हणजे ज्या गावाचं नाव महाराष्ट्रात जातीय अत्याचाराला समानार्थी झालं, ते कागदोपत्री ‘ॲट्रॉसिटी’ नाहीच. एवढ्यावरून तरी कळावं की हा शब्द कृत्याच्या क्रौर्याचं माप म्हणून वापरण्यात अर्थ नाही. क्रौर्य सांगायचं तर ते कृत्यच सांगावं लागतं.

आता पारावरच्या अर्थाकडे वळते, कारण तोही आकाशातून पडलेला नाही. त्यामागे भीती आहे आणि भीतीचं नाव कलम १८. या कायद्याखाली अटकपूर्व जामीन नाही. गावातल्या वजनदार माणसाला शिक्षेचं भय फारसं नसतं, ती लांबची गोष्ट. पण उद्या सकाळी जीप दारात येईल, चार लोक बघतील, ही कल्पना त्याला सोसत नाही. म्हणून ‘ॲट्रॉसिटी’ हा शब्द त्याच्या कानाला बेडीसारखा वाजतो. कायदा नीट वाचला तर २०१८ मध्ये जोडलेल्या कलम १८ अ मध्येही अटकेसाठी पूर्वपरवानगी लागणार नाही असं म्हणताना ‘आवश्यक असल्यास’ हे शब्द आहेत. तपास उपअधीक्षक दर्जाच्या खालच्या अधिकाऱ्याकडे जात नाही. प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर अटकपूर्व जामीन देता येतो, हेही सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं आणि २०२४ मध्ये पुन्हा सांगितलं. यातलं काहीच बातमीत येत नाही. येते ती बेडी.

२०१६ मध्ये कोपर्डीतल्या मुलीवरच्या बलात्कार-खुनाच्या त्या भयंकर घटनेनंतर राज्यभर मराठा समाजाचे मूक मोर्चे निघाले. लाखोंचे आणि शिस्तीचे. मागण्यांत या कायद्यातल्या दुरुस्तीचीही मागणी होती, आणि चौकाचौकांतल्या बोलण्यात तिचं ‘ॲट्रॉसिटी रद्द करा’ असं सोपं रूप झालं. या तीन शब्दांचा शब्दशः अर्थ घ्या. अत्याचार रद्द करा! याला वस्तीतला कोण नाही म्हणेल? पण वस्तीला त्यातून धमकी ऐकू आली, आणि ती बरोबरच ऐकू आली.

मग २०१८ आलं. कराडच्या एका शासकीय महाविद्यालयातल्या कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालातल्या शेऱ्यावरून सुरू झालेलं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी, अटकेआधी वरिष्ठांची परवानगी, असे निर्देश आले. निकालाची तारीख २० मार्च, म्हणजे चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची. योगायोगच, पण महाडला त्या दिवशी जमलेल्यांना तो बोचला असणार. २ एप्रिलला भारत बंद झाला, ऑगस्टमध्ये संसदेनं १८ अ घातलं, १ ऑक्टोबर २०१९ ला न्यायालयानं आपलेच निर्देश मागे घेतले आणि १० फेब्रुवारी २०२० ला दुरुस्ती वैध ठरवली. या दोन वर्षांत वाहिन्यांवर ज्या चर्चा झाल्या त्यांच्या खालच्या पट्टीवर एक शब्द कायम होता, ‘गैरवापर’. आजही वाचकाच्या मनात ‘ॲट्रॉसिटी’ म्हटलं की पुढचा शब्द आपोआप येतो तो हाच. भाड्यानं खोली देताना आडनाव विचारून ‘नको बाबा, उद्या ॲट्रॉसिटी टाकेल’ म्हणणारा घरमालक हा कायदा वाचून तसं म्हणत नाही. त्यानं शीर्षकं वाचलेली असतात.

खोट्या फिर्यादी होतात का? होतात. त्यांतल्या आरोपींच्या बाजूनं मी लढले आहे. त्यातल्या काहींची कुळकथा तर मोठी मासलेवाईक असते. पतसंस्थेच्या निवडणुकीत दोन पाटील समोरासमोर, आणि एकानं आपल्या गड्याला पुढं करून दुसऱ्यावर गुन्हा दाखल करवलेला. गडी तारखेला येतो तोही मालकाच्याच गाडीतून. त्याला फिर्यादीत काय लिहिलंय हे धड सांगता येत नाही. यालाही नाव आहे, खोटी फिर्याद. मराठीतला जुना, स्वच्छ शब्द. चोरीची, विनयभंगाची, फसवणुकीची, सगळ्यांची होते. ती खोटी ठरली की तसं लिहा, खुशाल मोठ्या अक्षरात लिहा. फक्त ती खोटी ‘ठरली’ म्हणजे काय, ते आधी तपासा.

कारण इथं तुमच्या बातमीदारीत मोठी गल्लत होते. महाराष्ट्रात तपास करून पोलीस खटला पाठवत नाहीत तेव्हा न्यायालयात समरी मागतात. ‘अ’ म्हणजे घटना खरी, पण पुरावा किंवा आरोपी सापडत नाही. ‘ब’ म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी. ‘क’ म्हणजे खरीही नाही, खोटीही नाही, गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची. खोटी म्हणता येते ती फक्त ‘ब’. पण तुमच्याकडे तिन्ही एकाच पोत्यात जातात, आणि त्याच पोत्यात निर्दोष सुटका. ‘ॲट्रॉसिटीतून निर्दोष’ असं छापलं की वाचक ते ‘केस खोटी होती’ असं वाचतो. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात २८ एप्रिल २०१४ ला एका कोवळ्या दलित पोराला गावासमोर मारत नेऊन संपवलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळे आरोपी सुटले, कारण साक्षीदार फितूर झाले. पोराचा मृतदेह तर खोटा नव्हता! साक्षीदार का फिरला, त्याचं पोट कुणाच्या शेतावर आहे, त्याच्या मुलीचं लग्न कुणाच्या मांडवात व्हायचंय, ही बातमी कुणी केली?

आणखी एक, मग थांबते. वस्तीतल्या माणसानं फिर्याद दिली की चोवीस तासांच्या आत त्याच्यावर उलट फिर्याद येते. बहुतेक वेळा दरोडा, नाहीतर विनयभंग. तुम्ही लिहिता, ‘दोन्ही गटांवर परस्परविरोधी गुन्हे दाखल’. कागदोपत्री बरोबर. पण अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाविरुद्ध खोटी, आकसानं केलेली कायदेशीर कारवाई हीच मुळी या कायद्यात अत्याचार म्हणून लिहिलेली आहे, कलम ३(१)(पी). उलट फिर्याद खोटी आहे असं तुम्ही ठरवू नका, ते न्यायालयाचं काम. दोन फिर्यादींच्या वेळा तरी छापा. पहिली रात्री साडेनऊची, दुसरी दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचची, एवढं वाचलं की सुज्ञ वाचक पुढचं समजतो.

तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. शीर्षकाला जागा नसते, एका कॉलमात ‘अत्याचार प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा’ मावत नाही, ‘ॲट्रॉसिटी’ आटोपशीर आहे. मावत नाही तर घालू नका. कायद्याचं नाव शीर्षकात हवंच कशाला? खुनाच्या बातमीच्या शीर्षकात न्याय संहिता असते का? ‘वरात अडवली, सहा जणांवर गुन्हा’. ‘मिशी कापली, चौघे अटकेत’. ‘तुरीत ट्रॅक्टर घातला, बापलेकांवर गुन्हा’. ‘स्मशानात अंत्यविधी रोखला’. मोजून बघा, ‘शेतीच्या वादातून ॲट्रॉसिटी’पेक्षा यातलं एकही फार लांब नाही, आणि वाचक थांबून वाचेल ते हेच. कायद्याचं नाव, कलम, तपास कुठल्या उपअधीक्षकाकडे आहे, हे सगळं खाली मजकुरात येऊ द्या. आणि ‘जातिवाचक शिवीगाळ’ हे शब्द लिहिण्याआधी वार्ताहराला एक फोन करून विचारा, ‘बाकी काय केलं?’

कार्यकर्त्यांनाही माझं हेच सांगणं असतं, पण ते पत्र वेगळं. त्यांच्या निवेदनांतही ‘ॲट्रॉसिटीच्या वाढत्या घटना’ असा ठोकळा असतो आणि घटना एकही नसते. तुम्हाला वेगळं लिहायचं कारण एवढंच की पारावरचा अर्थ तुमच्या छापखान्यातून जातो तेव्हा तो प्रमाण मराठी होतो. १९२० मध्ये ‘मूकनायक’ आणि १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ काढावं लागलं ते तेव्हाच्या मराठी पत्रांत या माणसांच्या म्हणण्याला जागा नव्हती म्हणून. आता जागा आहे, एक कॉलम का होईना. त्यात काय झालं ते छापा.

आणि एक व्यावहारिक सूचना. तुमचा प्रतिनिधी जिल्हा न्यायालयात निकालाच्या दिवशी येतो, फोटो काढतो, आरोपीच्या वकिलाची प्रतिक्रिया घेतो आणि जातो. त्याला साक्षीपुराव्याच्या दिवशी पाठवा. विशेष न्यायालयाचं दिवसाचं बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांची यादी, सकाळी दाराशी लागतं, ई-कोर्टच्या संकेतस्थळावरही दिसतं. कुठला साक्षीदार कधी आहे हे सरकारी वकिलाच्या टेबलावर विचारलं तर कळतं. सुनावणी खुली असते, मागच्या बाकावर बसायला कुणाची परवानगी लागत नाही. साक्षीदार सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलाच्या प्रश्नांना, काय बोलला आणि कुठल्या प्रश्नाला गप्प झाला, ते लिहून आणू दे. अशी एक बातमी लावून बघा, जागा कमी पडली तर शेजारची वाढदिवसाची जाहिरात एक दिवस पुढं ढकला.

कळावे,

आपली,
तालुका न्यायालयातली एक वकील